महिला फुटबॉल विश्वचषकात कोण चमकणार? नाव ठरवण्याआधी मिनिटं मोजा

मोठी स्पर्धा जवळ आली की ‘या दहा तरुण खेळाडूंवर लक्ष ठेवा’ अशा याद्या सगळीकडे दिसू लागतात. त्यातली बरीच नावं महिनाभर बाकावर बसून घरी परततात. यादी करणाऱ्याची पारख कच्ची असते असं नाही. खेळाडू किती चांगली आहे हे त्यानं नीट पाहिलेलं असतं, पण ती मैदानात किती वेळ असेल याचा हिशोब केलेला नसतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये कोस्टा रिकात २० वर्षांखालील विश्वचषक झाला. स्पेननं अंतिम सामन्यात जपानला ३-१ नं हरवलं. स्पेनची इन्मा गाबार्रो ८ गोल करून गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचा मान) घेऊन गेली, आणि अंतिम सामन्यात दोन गोल केले सल्मा पारायुएलोनं. दहा महिन्यांनी सीनियर विश्वचषकासाठी स्पेनचा २३ जणींचा संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात गाबार्रो नव्हती. पारायुएलो होती. उपांत्यपूर्व आणि उपांत्य असे दोन्ही सामने तिनं बाकावरून सुरू केले आणि दोन्हींत उतरून महत्त्वाचा गोल केला: नेदरलँड्सविरुद्ध १११व्या मिनिटाला, स्वीडनविरुद्ध ८१व्या. सर्वोत्तम तरुण खेळाडूचा मान तिलाच मिळाला. फक्त ज्युनियर स्पर्धेतले गोल पाहून यादी केली असती तर पहिलं नाव गाबार्रोचं आलं असतं.

म्हणून आमची पद्धत मिनिटांपासून सुरू होते. खाली ती २४ जून ते २५ जुलै २०२७ या काळात ब्राझीलमध्ये होणाऱ्या महिला विश्वचषकाच्या निमित्तानं मांडली आहे. युरो किंवा आशिया चषकालाही ती तशीच लागू पडते.

आधी ‘चमकली’ म्हणजे काय ते कागदावर लिहा

हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून सगळे टाळतात. मग स्पर्धा संपल्यावर आपल्या सोयीनं व्याख्या बदलली जाते. २०२३ मध्ये हैतीची मेल्शी ड्युमॉर्ने एकही गोल न करता परतली. हैती तिन्ही सामने हरली. तरीही इंग्लंडविरुद्ध तिनं बचावफळीला ज्या प्रकारे पळवलं, ते पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिलं. ती चमकली की नाही? दोन्ही उत्तरं चालतील, फक्त उत्तर आधी ठरलेलं हवं.

वापरायला सोपी व्याख्या अशी: स्पर्धेच्या पहिल्या दिवशी वय २३ किंवा कमी, किंवा सीनियर संघाकडून १५ पेक्षा कमी सामने. शिवाय स्पर्धेत किमान २०० मिनिटं खेळ, किंवा पेनल्टी वगळून दोन गोल. बचावपटू आणि गोलरक्षकांसाठी गोलची अट काढा आणि ‘बाद फेरीतला किमान एक सामना सुरुवातीपासून’ अशी अट घाला. वयाची अट फार खाली ठेवली तर मोठे मासे निसटतात. २०२३ ची गोल्डन बूट विजेती हिनाता मियाझावा तेव्हा २३ वर्षांची होती आणि जपानच्या देशांतर्गत लीगमध्ये सेंडाईकडून खेळत होती. ‘किशोरवयीन तारका’ शोधणाऱ्यांच्या एकाही यादीत ती बसली नसती.

मिनिटांचा अंदाज

३२ संघांच्या स्पर्धेत गटातच बाद होणारा संघ ३ सामने खेळतो. उपांत्य फेरी गाठणारा ७ खेळतो, कारण हरलेल्या दोघांना तिसऱ्या क्रमांकाची लढत असते. संघाची वाटचाल टक्क्यांत मांडा. समजा एका मध्यम बळाच्या संघाबद्दल तुमचा अंदाज असा आहे: गटात बाद ३० टक्के, पहिल्या बाद फेरीत बाद ३० टक्के, उपांत्यपूर्व फेरीत २० टक्के, उपांत्य किंवा पुढे २० टक्के. सामने अनुक्रमे ३, ४, ५ आणि ७. गुणाकार करून बेरीज केली की सरासरी ४.५ सामने येतात.

आता खेळाडू. सुरुवातीपासून खेळण्याची शक्यता ६० टक्के आणि तेव्हा ७५ मिनिटं, बदली म्हणून उतरण्याची ३० टक्के आणि तेव्हा २५ मिनिटं, अजिबात न खेळण्याची १० टक्के. दर सामन्याला साडेबावन्न मिनिटं झाली. ४.५ नं गुणलं की साधारण २३६.

हे ६०-३०-१० कुठून आणायचं? प्रशिक्षकाच्या शेवटच्या दहा सामन्यांतून. प्रत्येक सामन्याचा संघ आणि बदल एका तक्त्यात भरा: कोण कुणाच्या जागी आलं, कितव्या मिनिटाला, तेव्हा गुणफलक काय होता. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. काही प्रशिक्षक संघ मागे पडला की ठरावीक एकाच मुलीला उतरवतात. इंग्लंडची मिशेल अग्येमँग हे त्याचं ठळक उदाहरण. युरो २०२५ मध्ये ती १९ वर्षांची होती आणि पहिल्या अकरात तिची जागा नव्हती. स्वीडनविरुद्ध ०-२ असताना तिला उतरवलं आणि तिनं ८१व्या मिनिटाला बरोबरी साधली. उपांत्य सामन्यात इटलीविरुद्ध संघ ०-१ मागे असताना पुन्हा तिलाच उतरवलं, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा बरोबरी. स्पर्धेतली सर्वोत्तम तरुण खेळाडू तीच ठरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेल्जियमविरुद्ध पदार्पणात मैदानात आल्यापासून एका मिनिटाच्या आत तिनं गोल केला होता, म्हणजे खूण आधीच दिसली होती. पाच बदल्या करता येतात त्या काळात बाकावरची पहिली आघाडीपटू ही अर्धी नियमित खेळाडूच धरा. फक्त संघ मागे पडू शकतो का, हेही पाहा. दुबळ्या गटातल्या बलाढ्य संघात अशा मुलीची गरजच पडत नाही.

रिकामी जागा कुठे आहे

नव्या मुलीला जागा मिळते ती कुणी गेल्यामुळे: निवृत्ती, दुखापत, लाल कार्ड, प्रशिक्षक बदलणं किंवा रचना बदलणं. महिला फुटबॉलमध्ये गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापतीनं जेवढ्या जागा रिकाम्या केल्या, तेवढ्या दुसऱ्या कशानंच नसतील. २०२३ च्या विश्वचषकाला बेथ मीड, लीआ विल्यमसन, विवियाने मिडेमा आणि मारी-अँत्वानेत कातोतो या मोठ्या खेळाडू याच कारणानं मुकल्या. या यादीकडे हळहळून पाहणं साहजिक आहे, पण अंदाज बांधताना लगेच पुढचा प्रश्न विचारा: त्यांच्या जागी कोण?

एसीएलची शस्त्रक्रिया झाली की परतायला साधारण नऊ ते बारा महिने लागतात, आणि परतल्यावर पहिले काही महिने ९० मिनिटं खेळवत नाहीत. स्पर्धेच्या दहा महिने आधी जखमी झालेली मोठी खेळाडू ‘संघात असेल’ अशी बातमी आली तरी तिची बदली खेळाडू तुमच्या यादीत राहू द्या.

रचना बदलल्यानं जागा कशी उघडते ते लॉरेन जेम्सवरून कळतं. २०२३ मध्ये डेन्मार्कविरुद्ध इंग्लंडची मधल्या फळीतली किरा वॉल्श जखमी झाली. पुढच्या सामन्यात चीनविरुद्ध इंग्लंड तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) घेऊन उतरलं आणि जेम्सला दोन आघाडीपटूंच्या मागे मोकळं सोडलं. ६-१ च्या विजयात तिचे २ गोल आणि ३ गोलांना साहाय्य. पुढच्याच सामन्यात नायजेरियाविरुद्ध लाल कार्ड, आणि दोन सामन्यांची बंदी. वरची मिनिटं किती झटकन वाढतात आणि किती झटकन शून्यावर येतात, हे एकाच खेळाडूनं आठवड्याभरात दाखवलं.

गटातला तिसरा सामनाही विसरू नका. पहिले दोन जिंकून निर्धास्त झालेले संघ तिसऱ्यात राखीव मुलींना खेळवतात. युरो २०२५ मध्ये नॉर्वेचं गटातलं पहिलं स्थान पक्कं झालं होतं. आइसलँडविरुद्ध सिग्ने गाउपसेटला सुरुवातीपासून संधी मिळाली आणि ४-३ च्या विजयात तिनं दोन गोल केले, दोन करून दिले.

आकडे, पण चाळून

फक्त गोल मोजू नका. पेनल्टी वगळा. मैत्रीपूर्ण सामने वेगळे ठेवा. पात्रता फेरीतले एकतर्फी निकाल सरळ काढून टाका: २०२१ मध्ये इंग्लंडनं लाटव्हियाला २०-० नं हरवलं, अशा सामन्यातल्या हॅटट्रिकला काहीच वजन नसतं.

मग दर ९० मिनिटांमागे गोलांचा वेग काढा. समजा एका विंगरनं (मैदानाच्या कडेनं आक्रमण करणारीनं) हंगामात ९०० मिनिटांत पेनल्टीविना ६ गोल केले. वेग ०.६ दिसतो, पण ९०० मिनिटं म्हणजे केवळ दहा सामने, आणि दहा सामन्यांत नशीब खूप शिरतं. म्हणून तिच्या खात्यात सरासरी विंगरची ९०० मिनिटं मिसळा. सरासरी विंगर ०.२५ च्या वेगानं अडीच गोल करते असं धरा. एकूण साडेआठ गोल, वीस सामने, वेग ०.४२५. तिची स्वतःची मिनिटं जितकी जास्त, तितकं हे मिश्रण आपोआप पातळ होत जातं.

आता लीगचं वजन. इंग्लंडची किंवा अमेरिकेची लीग १ धरली, तर लहान लीगला ०.७ ते ०.८ द्या. हे आकडे आमचे कामचलाऊ आहेत. तुम्ही स्वतःचे काढा: त्या लीगमधून मोठ्या लीगमध्ये गेलेल्या आठ-दहा आघाडीपटूंचा आधीचा आणि नंतरचा वेग शेजारी शेजारी ठेवला की गुणोत्तर मिळतं. ०.८ नं गुणलं तर आपली विंगर ०.३४ वर आली. २३६ मिनिटं म्हणजे २.६२ सामने. अपेक्षित गोल ०.८९. स्प्रेडशीटमधलं पॉयसन सूत्र (सरासरीवरून शक्यता काढणारं) वापरलं की दोन किंवा जास्त गोल होण्याची शक्यता सुमारे २२ टक्के येते.

बावीस टक्के कमी वाटतात? २०२३ मध्ये ३२ संघांत मिळून ७३६ खेळाडू होत्या. त्यातल्या आठ-दहा जणी ‘चमकल्या’ असं मानलं तर डोळे मिटून काढलेल्या नावाला एक टक्क्याच्या आसपास शक्यता असते. एखाद्या तरुण खेळाडूपुढे तुम्ही ३० टक्के लिहिलंत तर तो मोठा दावा आहे. ७० लिहायची वेळ जवळजवळ येतच नाही.

एक सापळा विशेष सांगायला हवा. बार्सिलोनासारख्या वर्चस्व गाजवणाऱ्या क्लबात खेळणाऱ्या मुलीचे आकडे फुगलेले असतात, कारण चेंडू सतत समोरच्या बॉक्सपाशी असतो. तिच्यासाठी लीगमधल्या वरच्या पाच-सहा संघांविरुद्धचे आणि चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीतले सामने वेगळे काढा. उलट, लहान क्लबात एकटीनं झुंजणाऱ्या मुलीला राष्ट्रीय संघात बरी साथ मिळाली की तिचा वेग वाढतो.

ज्युनियर स्पर्धा कशा वाचाव्यात

१७ वर्षांखालील स्पर्धेत लवकर वाढलेल्या, अंगानं दणकट मुली उठून दिसतात, आणि पुढे बाकीच्या त्यांना गाठतात. त्यामुळे तिथले गोल कमी धरा आणि निवड जास्त धरा, म्हणजे वयानं लहान असूनही वरच्या गटात कुणाला खेळवलं जातंय ते पाहा. २० वर्षांखालील स्पर्धा जास्त भरवशाची. सप्टेंबर २०२६ मधली पोलंडची स्पर्धा २०२७ साठी सर्वांत जवळची चाळणी आहे.

३० ऑक्टोबर २०२२ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं, तोही स्वयंगोलावर. स्पर्धेत सर्वोत्तम ठरलेली विकी लोपेझ २०२५ च्या युरोत स्पेनच्या सीनियर संघातून गोल करत होती. कोलंबियाकडून खेळलेली लिंडा कायसेडो तर २०२२ च्याच जुलैत सीनियर कोपा अमेरिकेची (दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेची) सर्वोत्तम खेळाडू ठरून आली होती. मध्ये ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील विश्वचषकही खेळली. सतरा वर्षांची मुलगी चार महिन्यांत तीन पातळ्यांवर सुरुवातीपासून खेळवली जाते, तेव्हा तिच्या देशाला तिच्याविषयी काय वाटतं हे वेगळं विचारावं लागत नाही. त्या मुलींना नेरूळला आणि मडगावला प्रत्यक्ष पाहण्याची संधी आपल्याकडच्या प्रेक्षकांना मिळाली होती, आणि स्टेडियमच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या राहिल्या याचं मनापासून वाईट वाटतं.

डोळ्यांनी पाहणं

आकड्यांनी ४०-५० नावं राहिली की पाहायला बसा. हायलाइट्स नकोत. प्रत्येकीचा एक पूर्ण सामना, तोही तिचा संघ हरलेला किंवा बरोबरीचा. त्यातली तीन तुकड्यांतली ४० मिनिटं फक्त तिच्यावर नजर ठेवा: पहिली १५, मध्यंतराआधीची १०, शेवटची १५. चेंडू दुसरीकडे असला तरी नजर तिच्यावरच.

कागदावर हे मोजा. चेंडू मिळण्याआधी मान वळवून मागे पाहिलं का? पहिला स्पर्श पुढे जाणारा की मागे? समोर एकच बचावपटू असताना तिच्यावर गेली की पास परत दिला? चेंडू गमावल्यावर पाच सेकंदांत काय केलं? नावडत्या पायानं किती वेळा खेळली? शेवटच्या पंधरा मिनिटांत हे आकडे निम्म्यावर आले तर तिची ताकद बदली म्हणून उतरण्यापुरतीच आहे, मिनिटांचा अंदाज तसा खाली आणा.

काय शोधायचं ते एका गोलात दिसतं. ३० जुलै २०२३, सिडनी, जर्मनीविरुद्ध ५२वं मिनिट. बॉक्सच्या डाव्या बाजूला कायसेडोला चेंडू मिळतो तेव्हा समोर दोन जर्मन खेळाडू आहेत आणि मारायला वाट नाही. ती थांबते, चेंडू उजवीकडे ओढून दोघींच्या मधल्या फटीत शिरते आणि दोघी वळायच्या आत उजव्या पायानं लांबच्या कोपऱ्यात वळवून मारते. वेगापेक्षा इथे तिचं थांबणं बघा. दोघींना एका जागी उभं करून ती मग हलली. हीच सवय क्लबच्या साध्या सामन्यात दिसते का, हे तुम्हाला शोधायचंय. कोलंबियानं तो सामना २-१ नं जिंकला.

प्रतिस्पर्ध्याशी जोडी जमते का हेही पाहा. जपाननं २०२३ मध्ये स्पेनला ४-० हरवलं तेव्हा चेंडू तीन-चतुर्थांश वेळ स्पेनकडे होता. स्पेनची बचावफळी स्वतःच्या गोलपासून खूप पुढे उभी होती आणि मियाझावा मागच्या मोकळ्या जागेत धावत होती. तिथे तिचे दोन गोल झाले. ड्रॉ निघाला की गटातला कोणता संघ बचावफळी अशी पुढे ठेवतो ते लिहा आणि त्याच्यासमोर धावणाऱ्या मुलींना थोडे टक्के वाढवा. दाटीनं मागे बसणाऱ्या संघांसमोर त्याच मुली गप्प पडतात.

ब्राझीलचं स्वतःचं गणित

सामने आठ शहरांत आहेत. जून-जुलैत पोर्तो अलेग्रेत थंडी असते, तर फोर्तालेझात गरम आणि दमट. रेसिफे आणि साल्वादोरला याच दिवसांत पावसाळा असतो. दमट हवेत बदल्या लवकर होतात, म्हणून उत्तरेकडे सामने पडलेल्या संघांच्या बाकावरच्या मुलींना थोडी जास्त मिनिटं द्या. युरोपातल्या खेळाडू मे अखेरपर्यंतचा हंगाम संपवून दमलेल्या येतील, अमेरिकी लीगच्या मात्र हंगामाच्या मध्यात असतील.

आपल्याकडून पाहायचं तर रिओची वेळ साडेआठ तासांनी मागे आहे. तिथला दुपारी तीनचा सामना इथे रात्री साडेअकराला, संध्याकाळी सातचा पहाटे साडेतीनला. गटसाखळीतले सगळे सामने थेट पाहणं कुणालाच झेपणार नाही. यादीतल्या मुलींचे सामने आधीच निवडून ठेवा.

नावांचा गोंधळ लहान वाटतो, पण तक्ते बिघडवतो. कोरियन नावात आडनाव आधी येतं, ब्राझीलच्या खेळाडू टोपणनावानं खेळतात, आणि एकच नाव तीन संकेतस्थळांवर तीन प्रकारे लिहिलेलं असतं. प्रत्येकीपुढे जन्मतारीख लिहा आणि तीच ओळख माना.

आधी जुन्या स्पर्धेवर सराव

२०२७ ची यादी करण्याआधी हीच पद्धत २०२३ वर चालवून बघा. १ जुलै २०२३ नंतरची कोणतीही माहिती उघडायची नाही, त्या दिवशी उपलब्ध असलेल्या आकड्यांवरून बारा नावं आणि टक्के लिहायचे, मग ताडून पाहायचं. स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉलचे आकडे गोळा करणाऱ्या कंपनीनं २०१९ आणि २०२३ चे महिला विश्वचषक आणि २०२२ व २०२५ चे महिला युरो यांचा सामन्यागणिक तपशील मोफत खुला ठेवलेला आहे, त्यावर ताडणी चांगली होते. निकाल आधीच माहीत असल्यानं मन फसवेल, म्हणून नावं लपवून फक्त आकडे समोर ठेवणारा कुणी जोडीदार असला तर उत्तम.

गुण असे द्या: ३० टक्के म्हटलेली मुलगी चमकली तर १ मधून ०.३ वजा करून वर्ग, म्हणजे ०.४९. नाही चमकली तर ०.३ चा वर्ग, ०.०९. सगळ्यांची सरासरी काढा, जितकी कमी तितकं चांगलं. दहा टक्के म्हटलेली चमकली तर ०.८१ चा दंड बसतो. म्हणून धास्तीनं सगळ्यांना दहा-दहा टक्के वाटणाराही वाचत नाही.

चुकलेल्या प्रत्येक नावापुढे कारण तीनपैकी एका रकान्यात टाका: मिनिटं मिळाली नाहीत, भूमिका बदलली, की मिनिटं आणि भूमिका असूनही खेळ कमी पडला. पहिल्या दोन रकान्यांतली नावं पुसू नका. त्या मुलींचा खेळ अजून तपासलाच गेलेला नाही, आणि पुढच्या स्पर्धेची यादी तिथूनच सुरू करायची आहे.